पायावाचून आलेली वहाण

येब, मिसर देशी नदीतले बेट
महाराजांचे अकरावे वर्ष, एलूल महिन्याचा सातवा दिवस

चि. सौ. शलोमीथ हीस हश्शूबचे अनेक आशीर्वाद. स्वर्गीचा देव तुझे, तुझ्या घरच्यांचे आणि तुझ्या रंगाच्या पिंपांचे कुशल पाहो.

तुझे पत्र तांड्याबरोबर पोचले. मेहुण्यांनी आता निळ्या रंगात हात घातला हे वाचून बरे वाटले. तांबड्या रंगाने त्यांचे कोपरापर्यंतचे हात खाटकासारखे दिसत. निळ्याने निदान बुडालेल्या माणसासारखे दिसतील. इकडे नदी चढली आहे आणि गढीच्या खालच्या सात पायऱ्या पाण्यात गेल्या आहेत. माझा पहारा उत्तरेच्या तटावर असतो. गुडघा कुरकुरतो, पण भाला टेकून उभा राहिलो तर कोणाला कळत नाही. दुसरे लग्न का करत नाही म्हणून तू तिसऱ्यांदा विचारलेस. बायको जाऊन सहा वर्षे झाली, मूल झाले नाही, आणि आता एकोणपन्नासाव्या वर्षी गुडघ्यासकट मला कोण पत्करणार?

सोबत ऊदाची पुरचुंडी आहे. मंडपांच्या सणाला मंदिरात जाशील तेव्हा ती याजकाच्या हाती दे आणि दरवर्षीप्रमाणे माझी प्रार्थना अंगणात उभी राहून म्हण. शब्द तुला पाठ आहेत. तरी पुन्हा लिहितो, कारण गेल्या खेपेस तू नुसते 'म्हटली' असे लिहिलेस आणि मला शंका आली की मऊ करून म्हटलीस. तर अशी: हे परमेश्वरा, मल्लूख, पलत्याचा मुलगा, याने माझा आशीर्वाद चोरला. त्याच्या घरात पाळणा हलू देऊ नकोस. त्याच्या मागे त्याचे नाव घेणारे कोणी ठेवू नकोस. मी इथे दिवसातून तीनदा यरुशलेमकडे तोंड करून हेच म्हणतो. पण इथून अंतर फार पडते. तू अंगणातच उभी असतेस.

एकोणीस वर्षे झाली, आता सोड, असे तू लिहितेस. बाबा अकरा दिवस अंथरुणावर होते. मी मेंढरे घेऊन एन-गेदीच्या वरच्या कड्यांवर होतो, दोन दिवसांच्या वाटेवर. बाबा रोज विचारत की थोरला आला का, आणि मल्लूख त्यांना सांगे की माणूस पाठवला होता, पण मेंढ्या व्यायल्या आहेत, येत नाही म्हणतो. कोणताही माणूस आला नव्हता. हे मला तूच सांगितलेस, मी कातरणी आटपून घरी आलो आणि दारात उभा राहून बाबा कुठे म्हणून विचारले तेव्हा. मळा गेला, थोरल्याचा दुहेरी वाटा गेला, त्याचे मला काही नाही. पण मी बोलावूनही आलो नाही असे समजून म्हातारा मेला. ते मी कुठे सोडू, सांग.

सर्वांना आशीर्वाद. त्याला सोडून. तुझी माया माझ्यावर आहे तशीच राहू दे.

हश्शूब

·

तकोवा
अकरावे वर्ष, किस्लेवचा दुसरा दिवस

ती. दादा यांस धाकट्या मल्लूखचा शि. सा. नमस्कार वि. वि. खापरावर लिहितो म्हणून रागावू नये. आधीच राग इतका आहे की त्यात भर कशाला.

शलोमीथताई मंदिरात तुझी प्रार्थना म्हणते ती काही पुटपुटत नाही. शेजारी तकोव्याच्या चार बाया उभ्या होत्या. सणाहून परत येईपर्यंत त्यांची ती तोंडपाठ झाली आणि आता त्या जात्यावर बसून तीच म्हणतात. चाल बरी लागली आहे. तुझ्या कृपेने यंदा माझ्या तेरा मेंढ्यांना जुळी झाली. पाळणा हलत नाही हे मात्र खरे. माझ्या बायकोचे, नाराचे, तिसरेही पोट टिकले नाही. ती रडत नाही, नुसती दळते.

एक सुचवतो. पलत्याचा मुलगा असे म्हणतोस खरा, पण पलत्याचे मुलगे दोन आहेत आणि पाळणा दोघांच्याही घरी नाही. वरती ऐकणाऱ्याची गल्लत होत असेल, तर पत्ता नीट सांगत जा.

बाबांचा हात माझ्या डोक्यावर पडला. हात त्यांचा होता, डोके माझे होते. त्यात तुझे काय होते ते मला अजून सापडलेले नाही. खापर संपले, म्हणून पुरे करतो. आशीर्वाद मागत नाही. माझ्याकडे आहे.

मल्लूख

·

यरुशलेम
अकरावे वर्ष, अदारचा तिसरा दिवस

ती. हश्शूबदादास शलोमीथचा शि. सा. नमस्कार वि. वि.

हे पत्र बसून वाच. शबाटच्या एकविसाव्याला मल्लूख गेला. आठवडाभर पाऊस लागला होता. मळ्याचा वरचा बांध फुगलाय म्हणून तो बघायला गेला, आणि बांधच अंगावर आला. माणसांनी दगड काढेपर्यंत दुपार झाली. मी पोचले तेव्हा त्याला गुहेत बाबांच्या शेजारी ठेवून तोंडाला दगड लावलेला होता. तुझ्यासारखीच मीही उशिरा.

तू विचारलं होतंस, म्हणून सांगते. मी तुझी प्रार्थना कधीही मऊ केली नाही. शब्दाला शब्द म्हटली, आणि दरवर्षी म्हटली. अकरा दिवस बाबांचं अंग मी पुसलं, त्यांच्या तोंडात पाणी मी घातलं, आणि हात मात्र त्यानं नेऊन आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. माझ्या डोक्यावर ठेवा असं बाबांना कोणी म्हटलं नाही. मलाही सुचलं नाही. तेव्हा तुझी प्रार्थना म्हणताना थोडी माझीही म्हणत होते. आता मला माझ्या तोंडाची भीती वाटते. तुझे मेहुणे म्हणतात की बांध पावसानं पडतात. ते रंगारी आहेत, त्यांना सगळं पाण्यानंच होतं असं वाटतं.

पुढचं तुला ठाऊक आहे, तरी लिहायला हवं. नाराला मूल नाही. भाऊ तू एकटा. शास्त्राप्रमाणे तू तिला करून घ्यायचंस, आणि पहिला मुलगा होईल तो मल्लूखच्या नावानं वाढायचा, म्हणजे त्याचं नाव पुसलं जाणार नाही. करायचं नसेल तर वेशीत येऊन वडीलधाऱ्यांपुढे तसं सांगायचं. मग ती तुझ्या पायातली वहाण काढील, तुझ्या तोंडावर थुंकेल आणि मोकळी होईल. दोन्हीतलं एक होईपर्यंत ती कोणाचीच नाही. तिला दुसरं लग्नही करता येत नाही.

दादा, तू तिला पाहिलेलं नाहीस. तिनं तुझं काही वाईट केलेलं नाही. ये. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

शलोमीथ

·

येब
बारावे वर्ष, सीवानचा दहावा दिवस

चि. सौ. शलोमीथ हीस अनेक आशीर्वाद.

पत्र बसूनच वाचले. नंतर उठून नदीवर गेलो, एक मोठा मासा घेतला, भाजला आणि सगळा एकट्याने खाल्ला. भाऊ गेल्यावर सात दिवस जमिनीवर बसायचे असते हे मला माहीत आहे. मी बाजेवर बसलो. इथल्या लोकांना वाटले, माझी काहीतरी चांगली बातमी आली. मी नाही म्हटले नाही.

देवाने ऐकले. वीस वर्षे लागली, पण त्याच्या वेळेला आपण काय म्हणणार. आणि बघ, त्याने ऐकले तेही कसे: आता मल्लूखचे नाव उरावे की जावे हे त्याने माझ्या हाती आणून दिले. ज्याला बोलावणे पाठवले म्हणून त्याने खोटे सांगितले, त्यालाच आता त्याच्या घरून खरे बोलावणे यावे. मी हसलो. तू रागावशील.

मी येणार नाही. हो म्हणायला येणार नाही आणि नाही म्हणायलाही येणार नाही. बाबा दाराकडे बघत राहिले, तशी आता त्याची बायको बघत राहू दे. तिने माझे वाईट केले नाही हे खरे. मीही बाबांचे केले नव्हते.

तू भिऊ नकोस. तुझे तोंड तुझे आहे, प्रार्थना माझी होती. ऊद यंदा पाठवत नाही. काम झाले. तुझ्या मनात माझ्यासाठी जी जागा आहे ती मोडू नकोस.

हश्शूब

·

तकोवा
बारावे वर्ष, एलूलचा अठरावा दिवस

ती. भावजींना नाराचा नमस्कार. लिहिणं येत नाही, वेशीतल्या कारकुनाकडून लिहवून घेते. तो मधेमधे गोड शब्द घालायला बघतो, मी काढायला लावते.

तुम्ही येणार नाही म्हणालात ते शलोमीथताईंनी येऊन सांगितलं. सांगताना त्यांनी तोंड दुसरीकडे केलं. तुमची मला हौस आहे असं समजू नका. तुमचा गुडघा दुखतो हे मला माहीत आहे, आणि मल्लूखचं नाक तुम्हालाही आहे म्हणतात. ते एक पुष्कळ झालं. मी चौतीस वर्षांची आहे. माझ्या माहेरी केईल्यात एक कुंभार आहे, त्याची बायको गेली, घरात तीन मुलं आहेत. त्यानं विचारणं पाठवलंय. भाजायची भट्टी चांगली आहे. मी तीन पोटं गमावली, मला ती तीन मुलं पाहिजेत. तो पुढच्या कातरणीपर्यंत थांबेन म्हणाला. त्यापुढे कोण थांबतो?

तुमचं भांडण ज्याच्याशी होतं तो दगडाआड गेला. समोर कोणी नाही, आणि तुम्ही अजून मुठी आवळून उभे आहात. मला मधे धरलंय तेवढं सोडा. एकदा या, नाही म्हणा, थुंकून घ्या, आणि जा. मला थुंकायला फार वेळ लागणार नाही.

तुमच्या प्रार्थनेनं तो मेला असं बाया म्हणतात. मी तसं म्हणत नाही. तो बांध मी दोन वर्षं दुरुस्त करा म्हणत होते.

नारा

·

येब
बारावे वर्ष, किस्लेवचा पाचवा दिवस

श्रीमती नारा हीस हश्शूबकडून. स्वर्गीचा देव तुझे कुशल पाहो.

तुझे पत्र मिळाले. कारकुनाचे अक्षर चांगले आहे. मी विचार केला. तुला अडकवून ठेवले तर मल्लूखचे नाव टांगते राहते. कोणी सांगावे, मी मेलो तर एखादा चुलतभाऊ पुढे होईल आणि त्याच्या नावाने मुलगा वाढवील. त्यापेक्षा मी नाही म्हटले की ते पुरते मिटते. तेव्हा तुझे आणि माझे मागणे एकच निघाले.

पण त्यासाठी महिनाभर उंटावर बसायची गरज मला दिसत नाही. तांडेवाल्यासोबत माझी उजव्या पायाची वहाण पाठवत आहे. गढीतल्या दोन साक्षीदारांसमोर ती पायातून काढली आहे आणि मला भावाच्या बायकोशी लग्न करायचे नाही असे त्यांच्यासमोर बोललो आहे. त्यांची नावे व मोहोर खाली आहे. वेशीत दाखव आणि कुंभाराकडे जा. थुंकायचे राहिले, तेवढे मला माफ असावे.

हश्शूब

·

तकोवा
बारावे वर्ष, अदारचा दुसरा दिवस

ती. भावजींना नाराचा नमस्कार.

तुमची वहाण आली. मी ती पदरात घेऊन वेशीत गेले. दहा म्हातारे बसले होते. त्यांनी ती हातोहात फिरवली. एक म्हणाला, कातडं मिसरी आहे, टिकेल. दुसऱ्यानं विचारलं की पाय कुठे आहे. मी म्हटलं, पाय येबला आहे. तेव्हा शमर्या म्हातारा, जो सगळ्यांत वयानं मोठा, तो म्हणाला की शास्त्रात वहाण पायातून काढावी असं आहे. जिच्यात पाय नाही ती वहाण चांभाराच्या दुकानातही मिळते. सगळे हसले. मी एकटीच उभी होते. साक्षीदारांची मोहोर कोणी बघितलीसुद्धा नाही.

मग मी वहाण परत मागितली, आणि त्यांच्यासमोरच तिच्यात थुंकले. शमर्या म्हणाला, हे चालत नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे, हे माझ्यासाठी केलं. ती तशीच बांधून परत पाठवत आहे. वाटेत वाळली असेल.

एक सांगायचं राहिलं. बाबांच्या आजारात निरोप गेला होता आणि थोरला आला नाही, असं मल्लूख जेवताना कधी कधी म्हणायचा. मला खोटं वाटायचं. त्याचा आवाज ते सांगताना बारीक व्हायचा. बारा वर्षं मी मनातल्या मनात तुमच्या बाजूची होते. आता एकदा ताईंनी आणि एकदा मी स्वतः बोलावलं, आणि तुम्ही येत नाही. तेव्हा तो खरंच बोलत असेल. बोलावलं तरी न येणारे आहात तुम्ही. त्याला खोटारडा समजले, हे चुकलं माझं.

कातरणी तीन महिन्यांवर आहे, सीवानच्या आरंभी.

नारा

·

तकोवा
तेरावे वर्ष, तम्मूझचा चौथा दिवस

चि. सौ. शलोमीथ हीस हश्शूबचे अनेक आशीर्वाद.

तू वेशीत आली नाहीस ते ठीक केलेस. एकाच घरातल्या माणसांनी एकमेकांचे सगळेच बघू नये. तरी काय झाले ते माझ्याकडून कळावे म्हणून लिहितो.

नाराच्या त्या पत्रानंतर मी पहारा सोडला आणि निघालो. तिची दया येऊन निघालो असे समजू नकोस. मेलेला माणूस खरा ठरत होता, ते मला बघवेना.

वेशीत बसल्यावर मी वडीलधाऱ्यांना म्हटले की आधी माझे ऐका, मग वहाणेचे बघू. बाबांच्या आजारात मला निरोप आला नव्हता, हे मी सगळ्यांसमोर सांगितले. वीस वर्षे मनात घोकलेले वाक्य होते. शमर्या कान पुढे करून ऐकत होता. तो म्हणाला की अरे, ते आम्हाला तेव्हापासून माहीत आहे. ज्या माणसाला तुझ्याकडे पाठवला म्हणून मल्लूख सांगे, तो त्या अकरा दिवसांत इथेच माझ्याशेजारी सावलीत बसलेला असायचा. बाकीच्यांनी माना हलवल्या. एकाने विचारले की तू एवढ्या लांबून हे सांगायला आलास का. मी विचारले की माहीत होते तर बाबांना कोणी का सांगितले नाही. त्यावर शमर्या म्हणाला की दुसऱ्याच्या घरात कोण शिरणार, आणि पाणी मागवले.

म्हणजे मला कोणी खोटा समजतच नव्हते. इतकी वर्षे मी कोणापुढे खरा ठरायला निघालो होतो, ते मला त्या बाकावर बसून समजेना. राग तर होता तसाच होता, पण ठेवायला जागा दिसेना. दहा म्हाताऱ्यांवर किती ठेवणार?

मग नारा आली आणि मी उठून उभा राहिलो. लहान चणीची आहे, हात दळून जाड झालेले. तिने पदर खोचला आणि माझ्या पायाशी बसली. बंदाला मी गढीतली गाठ मारली होती, तिला ती सुटेना. मी वाकून दाखवायला गेलो तर शमर्या ओरडला की तू हात लावायचा नाही, तिनेच सोडवायची. तेव्हा मी तोंडाने सांगत राहिलो, आधी डावे टोक आत घाल, मग खाली ओढ. ती मान खाली घालून पुटपुटली की भाऊ भाऊच शेवटी, सरळ गाठ एकालाही येत नाही. वहाण निघाली. मला लग्न करायचे नाही असे मी म्हटले. भावाचे घर जो उभारत नाही त्याचे असेच होवो, असे ती म्हणाली, आणि थुंकली. उंची कमी पडली, दाढीवर आले. पुसायचे नसते, म्हणून तसाच उभा राहिलो. तिने वहाण माझ्या हातात दिली आणि विचारले की दुसरी जोडीची आहे ना. मी हो म्हटले. त्याच दिवशी दुपारी ती केईल्याला गेली. सोबत फक्त जाते नेले. कुंभाराने गाढव पाठवले होते.

जवळचा वारस मीच. तेव्हा मळा, घाणा, मेंढरे आणि घर, जे बाबांनी त्याला दिले ते सगळे माझे झाले. घराला लोक आता वहाण काढलेल्याचे घर म्हणतात. मळ्यालाही तेच म्हणतात. पूर्वी मल्लूखचा मळा म्हणत, ते महिनाभरात बंद झाले. तो वरचा बांध मी नव्याने घालायला घेतला आहे. त्याचे काम खरोखरच वाईट होते, पायथ्याला मोठे दगड घालायचे सोडून त्याने वरती घातले होते. हे कोणाला तरी सांगावेसे वाटते.

आता जे तुलाच लिहू शकतो ते लिहितो. पहिल्या संध्याकाळी मी ओट्यावर यरुशलेमकडे तोंड करून उभा राहिलो. सवयीने तोंड उघडले आणि 'हे परमेश्वरा, मल्लूख, पलत्याचा मुलगा' एवढे बाहेर पडले. पुढे काही येईना. पाळणा हललेला नाही. नाव घेणारे कोणी नाही. मागितले ते सगळे मिळाले आहे, आणि दुसरी कोणती प्रार्थना मला पाठ नाही. तेवढेच म्हणून आत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तसेच झाले, दुपारीही, संध्याकाळीही.

समोरच्या घरात त्या जात्यावरच्या बायांपैकी एक राहते. काल ती कुंपणावरून म्हणाली की या गावात तुमच्या भावाचे नाव आता तुम्हीच घेता. मी तिला सांगितले की माझा त्याच्यावर राग आहे, मी त्याला माफ केलेले नाही. ती म्हणाली, असू दे ना, पण दिवसातून तीनदा घेता. आणि लसूण सोलत राहिली.

शलोमीथ, खरेच मी माफ केलेले नाही. तसे कोणी तुला सांगितले तर विश्वास ठेवू नकोस. पण मी हे नाव घ्यायचे थांबवले की त्याच दिवशी माझे मागणे पुरे होते. उद्यापासून थांबवायचे असे मी रोज ठरवतो. आज सकाळी ओट्यावर गेलो तेव्हाही ठरवूनच गेलो होतो. नाव घेऊनच परत आलो.

मेहुण्यांना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. मी इथून चार तासांच्या वाटेवर आहे, हे विसरू नकोस. थोरल्यावर ओरडायचा हक्क तुझा एकटीचा उरला आहे, तो राखून ठेव.

हश्शूब